अकराची चाचणी आणि निसटलेली कॅप

दहा वाजून पाच मिनिटांनी धाकटीने बाबांच्या कामाच्या टेबलावर एक खडा काढून ठेवला. टोस्ट खाताना दाताखाली आला होता. त्याच्याकडे नीट बघायलाही तिला सवड नव्हती. अकरा वाजता शहराच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेटच्या एकुलत्या एका जागेसाठी तिची चाचणी होती. ही जागा नऊ वर्षांनी रिकामी झाली होती.

बाबांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान. तिच्या क्लॅरिनेटची अडकणारी चावी त्यांनी नुकतीच मोकळी केली होती.

"हं, फुंकून बघ."

तिने माउथपीस तोंडात घेतलं, वरचे दात त्यावर टेकवले आणि ती ओरडलीच. वरचा पुढचा दात जागेवर नव्हता. जिभेला नुसता खुंट लागत होता.

"बाबा, तो खडा नव्हता! माझ्या दाताची कॅप होती! कुठाय?"

बाबांचा हात तोवर टेबलावरून फिरून गेला होता. सुटी वस्तू दिसली की बेवारस वस्तूंच्या डब्यात टाकायची, ही त्यांची तीस वर्षांची सवय. ती इतकी अंगवळणी पडली होती की हाताला डोळ्यांना विचारावंच लागत नसे. डब्यात स्क्रू होते, स्प्रिंगा होत्या, बुचाचे तुकडे होते आणि जुन्या अकॉर्डियनची पांढरी बटणं होती. शंभर तरी असतील.

"शाब्बास," तिला न्यायला आलेली ताई म्हणाली. "मुलीचा दात भंगारात टाकणारा बाप पहिल्यांदाच बघतेय."

तिघांनी डबा वर्तमानपत्रावर पालथा केला.

"सापडली!" बाबांनी चिमटा उंचावला.

"बटण आहे ते."

"ही?"

"तेही बटणच! बाबा, चष्मा लावा!"

कॅप ताईला मिळाली, एका स्प्रिंगमध्ये अडकलेली. दहा वाजून चौदा मिनिटं. बाबांनी लगेच झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी उघडली. "याने मी फुटलेली बासरी जोडलीय. दाताचं काय घेऊन बसलात!"

ताईने नळी हिसकावली आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून स्पीकर सुरू केला.

"गोंद अजिबात नको," डॉक्टर म्हणाल्या. "हिरडी भाजेल, आणि मला ती कॅप पुन्हा नीट बसवता येणार नाही. कॅपच्या आत दाताचा तुकडा तुटून आलाय का?"

"नाही, पोकळ आहे."

"मग काळजीचं कारण नाही. धुऊन डबीत ठेवा. औषधाच्या दुकानात तात्पुरतं सिमेंट मिळतं, एखाद्या दिवसापुरतं ते चालतं."

"खालीच दुकान आहे, मी पळतो," बाबा दारापर्यंत पोचलेसुद्धा.

"डॉक्टर, मला अकराला क्लॅरिनेट वाजवायचंय," धाकटी म्हणाली.

डॉक्टरांनी लगेच अडवलं. "मग नको. दाब पडून कॅप सुटली आणि त्याच वेळी तुम्ही खोल श्वास घेतलात, तर ती थेट श्वासनळीत जाईल. वाजवायचं तर कॅपशिवाय. दोन वाजता या, मी बसवून देते."

धाकटीने माउथपीस पुन्हा खुंटाजवळ नेलं. खुंटाला हवा लागली तरी कळ जात होती, त्यावर वाद्य टेकवणार कसं?

बाबा दारातून परत आले. त्यांनी शोकेसमधून एक जुनं माउथपीस काढून तिच्या हातात दिलं. "हे बघ. यावर दातांचे वण आहेत का?"

प्रत्येक वादकाचे वरचे दात माउथपीसवर दोन खळगे पाडतात. बाबा त्यावरूनच गिऱ्हाईक ओळखायचे. हे मात्र गुळगुळीत होतं.

"दात न टेकवता वाजवायचं?"

"वरचा ओठही दातांवर दुमडून घ्यायचा. पूर्वीचे काहीजण असंच वाजवत. ओठ सोलून निघतो, पण वाजतं."

"बाबा, पंचेचाळीस मिनिटांत?"

"चौतीस. रस्त्याची दहा धर. दुमड ओठ!"

पहिला सूर फाटला. दुसरा निघालाच नाही. तिसरा आला, आणि ताईने बोटात फिरणारी गाडीची किल्ली थांबवली. सूर नेहमीपेक्षा मऊ आणि भरीव होता.

"परत!" बाबा म्हणाले. "वाद्य वर रेटू नकोस, उजव्या अंगठ्यावर तोल. परत!"

गाडीतही ती ओठ दुमडून बसली होती. अकराला आत गेली, तेरा मिनिटांनी बाहेर आली. ओठाला रक्त होतं.

"उंचावरचा एक सूर चुकला," ती म्हणाली. "पण संथ भाग त्यांनी पुन्हा वाजवायला लावला."

"पुन्हा का?" ताईने विचारलं.

"ते नाही सांगितलं. दोनपर्यंत कळवतो म्हणाले."

दोनला ती डॉक्टरांच्या खुर्चीत आडवी होती. तोंडात कापूस, कॅपवर डॉक्टरांचं बोट. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ताईने उचलला.

"हो, तिचाच नंबर... मी बहीण... नाही, तिला आत्ता बोलता येणार नाही, तिचं तोंड उघडं आहे... काय? सोमवारपासून?"

खुर्चीतून दोन्ही हात एकदम वर गेले.

"हलू नका!" डॉक्टर ओरडल्या. "सिमेंट ओलं आहे अजून!"

"ती हो म्हणतेय," ताईने फोनवर सांगितलं. "दोन्ही हातांनी."