बनुबाईचं कार्ड

"हे कार्ड कुणी हलवलं?"

चंदनबालाच्या आवाजासरशी सांगलीच्या त्या छोट्याशा सॉफ्टवेअर ऑफिसात चहाचे कप हातातच राहिले. भिंतीवर तीन रकाने होते. करायचं, चालू, झालं. काल संध्याकाळी 'चालू'त असलेलं पिवळं कार्ड आज 'झालं'मध्ये जाऊन बसलं होतं.

"मी हलवलं, अक्का," टीमचा प्रमुख दिग्विजय म्हणाला. "अकराला दूध संघाची माणसं यायचीत. जरा भिंत पूर्ण दिसू दे."

"तपासल्याबिगर कार्ड हलवायचं न्हाई, ह्यो नियम तुमीच केलाय न्हवं?"

चंदनबालानं वीस वर्षं संकलन केंद्रावर दूध मोजलं होतं. म्हणूनच संघाचं ॲप तपासायला तिला घेतलेलं. कार्डावर तिचंच अक्षर होतं : 'मी बनुबाई. मला वाचता येत नाही. माझ्या दुधाचं फॅट मला ऐकू यावं, म्हणजे दुसऱ्याला विचारावं लागणार नाही.'

"पण अक्का, ॲप बोलतंय की," त्या आवाजाचा कोड लिहिणारी ब्राह्मी हळूच म्हणाली. "मी स्वतः ऐकलंय."

"हितं शांततेत ऐकलंस, बाई. मी काल चाचणीला शिराळ्याच्या केंद्रावर उभी हुते. दूध गार करायच्या कूलरची मोटर सुरू झाली की आवाज त्यातच मरतोय. बनुबाई माझ्याच तोंडाकडं बघाय लागली, 'काय म्हणलं गं ते?' तुमच्या कोडात झालं असंल. तिच्या कानात न्हाई झालं."

"पुढच्या महिन्यात करू," दिग्विजय म्हणाला. " एका म्हातारीपायी सगळ्यांची मेहनत पाण्यात घालू नका."

अकराला संघाचे अध्यक्ष धरणेंद्रअण्णा माणसांसह आले. दिग्विजयनं भिंतीवरून हात फिरवला. "बघा अण्णा, सगळं झालं. आज सही झाली की सोमवारपासून सुरू."

चंदनबाला उठली. सगळ्यांदेखत तिनं कार्ड उपटलं आणि 'चालू'त चिकटवलं.

अण्णा हसले. "एकच हाय न्हवं? ऱ्हाऊ द्या की."

"मोटरच्या आवाजात बनुबाईला फॅट ऐकू येत न्हाई, अण्णा. अन् ती एकटी न्हाई. सकाळच्या रांगेत अशा पन्नासजणी हायत. शेजारचा वाचून सांगंल तेच त्यांचं फॅट, अन् त्यावरच दुधाचा दर. जलमभर दुसऱ्याच्या तोंडावर इस्वास ठेवायचा व्हय त्यांनी?"

अण्णांचं हसू विरलं. त्यांनी पेन खिशात ठेवलं. "बाईला ऐकू आलं की बोलवा आमाला. तवा सही करू."

ते जिना उतरल्यावर दिग्विजयनं दार लावलं. मग म्हणाला, "आजपासून तुम्ही भिंतीला हात लावायचा नाही. फोन घ्यायचे, बास."

"फोन घीन. पर न झाल्यालं झालं म्हणणार न्हाई."

दुपारी डबे उघडले तेव्हा तिला कुणी हाक मारली नाही. ब्राह्मीसुद्धा मान खाली घालून गेली. चंदनबालानं आपल्या टेबलाशीच भाकरी मोडली, सावकाश खाल्ली, हात धुतले. वाऱ्यानं भिंतीवर 'चालू'तल्या त्या कार्डाचा एक कोपरा सुटून फडफडत होता.

ती उठली आणि अंगठ्यानं तो कोपरा दाबून बसवला.