सायबानं मिल रिकामी फिरवली

देवी लईराईची शपथ, माझ्या सगळ्या नातवंडांची शपथ, यात एक अक्षर खोटं निघालं तर माझी जीभ इथल्या इथे झडो! ऐका आता.

गोवा पोर्तुगीजांकडून सुटून वीसेक वर्षं झालेली. साखळी गावाच्या पलीकडे खनिज दळायची एक मिल होती. मिल म्हणजे घराएवढं आडवं लोखंडी पिंप, गरागरा फिरणारं. आत पोलादी गोळे आणि खनिज. पिंप झिजू नये म्हणून त्याला आतून जाड पाटे बसवलेले. त्यांना लायनर म्हणायचे. आमचे हे, गोकुळदास, ते पाटे बसवणारे फिटर.

त्या वर्षी नवा सायब आला. खूप शिकलेला. इतका, की शिंक आली तरी आधी पुस्तक उघडायचा. पाटे लवकर झिजतात, हा ठपका त्यानं यांच्यावर ठेवला. "नवे पाटे पावसाळ्यानंतर येणार. तोवर हे टिकले नाहीत तर तुझं काम गेलं."

हे म्हणाले, "सायबानू, पिंप एकाच बाजून फिरता, म्हणान पाट्याची एकच कड झिजता. दुसरी अजून जाड आसा. उलटे करून लावया."

"पाटा म्हणजे काय भाकरी आहे, उलटायला?" म्हणून सायब हसला. स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसायची त्याला सवय होती, दुसरं कोण हसणार.

मग शिरगावची, लईराईची जत्रा आली. आमचे हे धोंड, म्हणजे व्रत धरून निखाऱ्यांवरून चालणारे. निम्मे कामगार धोंड, ट्रकवालेही धोंड, मग खनिज आणणार कोण? म्हणून जत्रेला मिल बंद ठेवायची रीत. पण सायबाला वरच्यांना दाखवायचं होतं की आपल्या राज्यात मिल एक तास थांबत नाही. त्यानं ती रिकामीच फिरवली. खनिजाचा कण नाही, नुसते गोळे पाट्यांवर आपटतायत. तो आवाज पार पेडण्यापर्यंत गेला. तिथे माझ्या बहिणीची म्हैस चार दिवस दूध देईना.

हे जत्रेतून परतले तर चार पाटे फुटलेले. सायब जीप घेऊन आमच्या दारात. "तू नीट आवळले नव्हतेस. उद्यापासून येऊ नकोस."

मी दगडी रगड्यावर मसाल्याचं वाटप वाटत होते, ते काढून घेतलं. म्हटलं, "बसा सायबानू, हो रगडो वायच रिकामो फिरवा." बसला. दगडावर दगड करकरला, कच उडाली. मग मी आत खोबरं टाकलं. आवाज गप्प.

"मधी काय नसला की दगड दगडाक खाता. आमच्या सातवीतल्या पोरीक कळता ह्या."

सायबाचं तोंड शेवाळलेल्या भिंतीसारखं झालं. हळूच म्हणाला, "आता मिल चालवायची कशी?"

"ह्यांका इचारा."

यांनी मोडीतले चार जुने पाटे शोधले, उलटे करून बसवले, बाकीचेही उलटवले. ते दिवाळीपर्यंत टिकले. यांचं काम राहिलं. आणि सायबानं वर लिहून पाठवलं, 'पाटे उलटण्याची माझी पद्धत'. त्याला बढती मिळाली, तो दुसऱ्या मिलवर गेला. ज्यांच्या गळ्यात पडला त्यांचं देव बघून घेवो.

आता शपथ जरा मोठी घेतलीय, म्हणून सांगते. सायब रगड्याला बसला नव्हता. फिरवला मीच, तो बूट घालून दारात उभा होता. पण बसायला हवा होता मेला.