साध्या आयांची पिल्लं

"ये रे वाऱ्या, नाकाच्या दारी, बस रे वाऱ्या, छातीच्या घरी."

धाकट्या भावाची छाती भरली की आई त्याच्या पाठीवर तळवा ठेवून असं गुणगुणायची. वारा काही आला नाही. भाऊ गेला, सूर तेवढा माझ्या कानाशी राहिला. म्हणूनच बहुधा मी फुप्फुसातल्या जंतूंच्या मागे लागले.

हे जंतू मोठे लबाड. अंगावर साखरेचं पांघरूण घेऊन येतात, आणि कोवळ्या शरीराला ते ओळखूच येत नाहीत. आमच्या लशीत तीच साखर एका प्रथिनाला जोडलेली. प्रथिनाच्या ओळखीनं साखरेचीही ओळख पटते. काही उंदरिणींना आम्ही ही लस टोचली, काहींना नुसतं मिठाचं पाणी. आईच्या रक्तातून, दुधातून पिल्लांना कवच मिळतं का, ते पाहायचं होतं. मग सगळ्या पिल्लांच्या नाकात जंतूंचा थेंब. लशीच्या आयांची तगावीत, साध्या आयांची आजारी पडावीत, इतका सरळ मामला.

लशीची तगली. साधी आजारी पडली, पण एका पिंजऱ्यातली सोडून. ती आपली भुश्यात लोळत होती, एकमेकांच्या शेपट्या ओढत होती.

वाटलं, जंतूच मेलेले असतील. उरलेला थेंब तपासला, तर ते ठणठणीत. वाटलं, पिंजरे बदलले. कानांवरच्या खुणा बरोबर जुळल्या. रक्त पाहिलं, तर त्यात लशीच्या पिल्लांइतकीच प्रतिपिंडं. आडात नाही ते पोहऱ्यात आलं कुठून? शेजारच्या टेबलावरचे म्हणायचे, तुझ्या उंदरांनी गुपचूप दवाखाना गाठला असेल. मी हसायचे, आणि घरी भाजीत मीठ दोनदा पडायचं.

आमच्या प्रमुख बाईंनी शांतपणे सांगितलं, की साधी पिल्लंही जगत असतील तर लशीचं श्रेय कोणत्या तोंडानं मागायचं. कारण सापडलं तर ठीक, नाहीतर काम इथेच बंद.

माझी जोडीदारीण बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच परतलेली. दिवसभर चिवचिव, म्हणून सगळ्यांची चिमणी. माझ्या आईच्या आजारपणात मी गावी गेले तेव्हा पिंजरे तिनेच सांभाळले. मी परतले तोवर पिल्लांचं दूध तुटलं होतं, आया दुसऱ्या खोलीत हलवल्या होत्या. हल्ली मात्र चिमणी मुकी झालेली. माझ्याकडे सुई मागायला यायची, आणि सुई तिच्याच हातात असायची. ताकाला येऊन भांडं लपवावं तशी घुटमळायची. विचारलं तर म्हणे, बाळाला दात येताहेत, झोप नाही.

शेवटी डोक्याचा पार भुगा झाला. चूक माझ्याच हातून झाली असणार, काम बंद करा, असं सांगायला मी बाईंकडे निघाले. दारात चिमणीनं बाही धरली. तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"थांब ना गं. तुझी चूक नाही. तू नव्हतीस तेव्हा त्या पिल्लांची आई मेली. नियमानं पिल्लांनाही मारायचं होतं. माझ्या हातून होईना. शेजारच्या पिंजऱ्यातल्या उंदरिणीच्या पोटाशी सोडली, तिनं जवळ घेतली. दूध तुटल्यावर परत जागी आणून ठेवली. तिला लस टोचलीय का, तेवढं मी पाहिलंच नाही गं. ती आपली पाजत राहिली."