कांताबाईंना वाचून दाखवलेला अहवाल

प्रज्वल पराते समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला होता. त्याच्या गृहभेटीच्या अहवालात त्याच्या प्राध्यापिका मेघा मॅडमनी एका वाक्याखाली रेघ मारली : 'अर्जदार बोलताना मान वर करत नाही, आत्मविश्वास कमी.'

अर्जदार म्हणजे कांताबाई गजभिये. वस्तीतल्या बालवाडीत त्यांना सेविकेचं काम हवं होतं. बालवाडी चालवणारी संस्था सोमवारी याच अहवालावरून निवड करणार होती.

"तू कुठे बसला होतास?" मॅडमनी विचारलं.

"खुर्चीवर. त्यांनी शेजारून आणली."

"आणि त्या?"

"खाली. तांदूळ निवडत होत्या."

"काम मिळेल की नाही हे लिहिणारा वर, मागणारी खाली. मग आत्मविश्वास कसा मोजलास?"

प्रज्वलला ते लागलं. मागच्याच आठवड्यात विशेषाधिकारावरच्या तासाला तो म्हणाला होता, "मॅडम, उमरेडला आमचे दोन्ही हातमाग विकले गेले. माझ्याकडे कसला विशेषाधिकार?"

"उद्या शनिवार आहे," मॅडम म्हणाल्या. "हा अहवाल त्यांना वाचून दाखव. मगच मी सही करीन."

शनिवारी तो कांताबाईंसमोर फरशीवर बसला.

"काहून गा, खुर्ची टोचते का?"

त्याने अहवाल वाचला. त्या वाक्यापाशी आवाज बारीक झाला. कांताबाई मोठ्याने हसल्या.

"तांदळात खडे होते, बाबू. वर पाहून खडे दिसते का?" मग हसू थांबलं. "मले लेकरं सांभाळता येते का, हे तू विचारलंच नाही."

छापील प्रश्नांत ते नव्हतं.

"मंग आता विचार."

कामावर जाणाऱ्या बायांची मुलं त्या वर्षानुवर्षं सांभाळत होत्या. कोण भुकेने रडतं, कोण झोपेने, कोणाची आजी आजारी आहे, सगळं तोंडपाठ. प्रज्वलने तीन पानं भरली आणि ती वाचून दाखवली.

'अकरा वर्षांचा अनुभव' ऐकताच कांताबाईंनी थांबवलं. "अकरा नाही, नऊ वर्षं लिव. जास्तीचं नको."

मॅडमनी सही केली. सोमवारी कांताबाईंची निवड झाली.

संध्याकाळी प्रज्वल वस्तीत गेला. "काकू, माझ्या एका वाक्याने तुमचं काम गेलं असतं. तुम्ही मला शिकवलंत. कसे आभार मानू?"

"माह्ये आभार कायले? मीच तुह्ये मानणार होती." कांताबाईंनी चहाचा कप त्याच्या हातात दिला. "लोकं येते, लिवते, चालले जाते. काय लिवलं, ते वाचून दाखवाले कोणी येत नाही गा. तू आला."