नाचाला किती ताकद लागते

फ्रुक्तुओसो कोल्के नवस बोलला, तेव्हा त्याला साखरेचा आजार नव्हता. सलग तीन वर्षं कार्निव्हलच्या शनिवारी मुखवट्याच्या नाचातल्या मोरेनोचा जड पोशाख अंगावर चढवायचा आणि गावभर नाचत देवळातल्या कुमारी मातेपर्यंत, गावाच्या मामितापर्यंत, जायचं, असं त्याने तिला कबूल केलं होतं. दोन वर्षं निभावली. तिसरं उजाडायच्या आत साखरेने गाठलं आणि रोज पोटात सुई टोचून घेणं नशिबी आलं. देव परीक्षा बघतो म्हणतात, पण इतकी बघायची काही गरज नव्हती.

नवस कशासाठी, हे एकट्या हिलारियाला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. ज्याच्यासाठी नवस, त्याच्या कानावर तो फिटेपर्यंत जाता कामा नये, ही कोल्के घराण्याची रीत. म्हणून मारिबेलला दोघांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. मारिबेल त्यांची एकुलती एक लेक. ऐन विशीत तिने अन्नाशी वैर धरलं होतं. घासाघासाचा हिशेब मांडायचा आणि तो घाम गाळून फेडायचा, एवढंच तिचं चालायचं. पार काटकी झाली. शेवटी इस्पितळात निजवावी लागली. त्याच आठवड्यात बाप मामितापुढे जाऊन रडला. पोर जेवू दे, मी नाचतो.

आता ती बरी होती. बरी म्हणजे आपल्या पायांवर उभी होती, व्यायामशाळेत शिकवत होती. जेवायची, पण औषध घेतल्यासारखी, मोजून, ओट्यापाशी उभ्याने. नवस अर्धाच पावलाय, असं फ्रुक्तुओसोचं मत होतं. उरलेला अर्धा तिसऱ्या नाचात अडकलाय, यावर त्याची इतकी श्रद्धा होती की डॉक्टरीणबाई "यंदा राहू द्या" म्हणाल्या तेव्हा तो खुर्चीतून उठायलाच तयार होईना.

"बरं, नाचा," बाई शेवटी वैतागून म्हणाल्या. "पण त्या दिवशी अंगातली किती ताकद खर्च होणार ते आधी कळलं पाहिजे. त्यावर मी सुई कमी करीन आणि तुम्ही तेवढं खायचं. अंदाज चुकला तर साखर खाली जाईल आणि भर रस्त्यात आडवे व्हाल."

"अंदाज मी काढते," मारिबेल म्हणाली.

हिलारियाला ते रुचेना. ज्या आकड्यांनी पोर खाल्ली, त्यांच्याच दारात ती पुन्हा चाललेली. पण नाही कशी म्हणणार?

रविवारच्या तालमीला मारिबेलने आपलं घड्याळ बापाच्या मनगटावर बांधलं. बँड वाजला, रांगा डुलायला लागल्या. मोरेनोच्या उजव्या हातात लाकडी खुळखुळा असतो आणि तो नाचभर गरगर फिरवायचा असतो. तालीम संपली तशी मारिबेलने घड्याळ पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"पापा, हे म्हणतंय तू पळत पार कोचाबांबा शहराला जाऊन आलास."

"आणि मला न सांगता?" शेजारच्या रांगेतला त्याचा दोस्त, कोंपाद्रे एलेउतेरियो, ओरडला. "माझ्या मेव्हणीकडे निरोप तरी द्यायचास!"

पुढच्या रविवारी घड्याळ डाव्या हाताला गेलं. डावा हात कमरेवर असतो. घड्याळ म्हणालं, हा माणूस बाकावर बसून होता.

"एकूण काय, फेकून दे ते," फ्रुक्तुओसो म्हणाला.

"त्याला मनगटापलीकडचं कळत नाही, त्यात त्याचा काय दोष? काळीज मोजू."

तिने व्यायामशाळेतला छातीला बांधायचा पट्टा आणला. तर तिथेही निराळीच गंमत. बँड नुसता सूर जुळवायला लागला, तरी फ्रुक्तुओसोचं काळीज धावायला लागायचं, पाय जागचे हललेले नसताना. मग मारिबेलने त्याला बँडसमोर नुसतं उभं केलं. अंगठासुद्धा हलवायचा नाही, अशी ताकीद दिली. पितळी भोंग्यांसमोर खांबासारखा उभा राहताना त्या माणसाचे जे हाल झाले ते बघून एलेउतेरियोला हसू आवरेना. पण पोरीला हवं ते मिळालं. आनंदाने काळीज किती उडतं ते निराळं काढून ठेवलं आणि मेहनतीचं तेवढं धरलं.

राहता राहिला पोशाख. थरांवर थर, कड्यांवर कडी, अंगाभोवती पिंपच. भरतकाम करणारा तो आदल्या संध्याकाळीच हातात देतो, त्याआधी देव आला तरी देत नाही. म्हणजे तालीम हलक्या अंगाने आणि खरा नाच ओझ्याखाली. मारिबेलने दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी बापाच्या टायरच्या दुकानात गेली, दोन जुने टायर वजनकाट्यावर टाकले, पोशाखाइतकं वजन भरलं तशी मान डोलावली आणि दोरी आणायला सांगितली.

खांद्यांवरून दोन टायर लोंबकळवून फ्रुक्तुओसो गल्लीत नाचायला लागला, तेव्हा समोरच्या भाजीवाल्या कासिल्दाबाईने टोपलीच खाली ठेवली.

"फ्रुक्तो, गिऱ्हाईक येईना म्हणून माल अंगावर घालून विकतोस होय रे?"

"तुला हवाय का एक? कमरेला बरोबर बसेल!"

"मेल्या, आधी आरशात बघ!"

मारिबेल बाजूने चालत होती. ठरावीक वळणावर त्याला थांबवायची, बोटाला टोचायची, थेंब बघायची आणि गुळाचा खडा त्याच्या तोंडात घालायची. टोचलेल्या बोटावर फुंकर घालायची सवय तिला हिलारियाची लागली होती. फ्रुक्तुओसो तिच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत राहायचा. ही पोर एकेका घासाला शत्रू समजत होती आणि आज बापाला वेळेवर घास मिळावा म्हणून ऊर फुटेस्तोवर धावतेय. त्याला भरून यायचं. मग तो उगाच टायर नीट करायचा.

"तूही घे ना एक खडा," एकदा तो म्हणून गेला.

"माझं झालंय," ती म्हणाली, आणि चेहऱ्यावरचं दार लागलं.

हिशेब अखेर जमला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला, सुई कमी केली आणि कुठे कुठे काय खायचं त्यावर आपली सही ठोकली.

शनिवारी तो हिशेब तंतोतंत उतरला. फ्रुक्तुओसोने पोशाख चढवला, मुखवटा घातला, आणि गाव त्याच्या खुळखुळ्याबरोबर फिरायला लागलं. मारिबेल कडेने चालत होती. वळण आलं की मुखवटा वर, खडा आत, जांभळ्या मक्याच्या गरम आपीचा घोट, मुखवटा खाली. चढावर कितीतरी तरणेबांड गडी धापा टाकत होते आणि हा पठ्ठ्या मात्र ताजातवाना. देवळासमोरच्या चौकात पोचताना मारिबेलने शेवटचा थेंब पाहिला आणि हसली.

"झालं, पापा. नाच संपला. बरोब्बर निघालं."

नाच संपला होता, हे खरंच होतं. पण मामिताच्या दारात मुखवटा काढून हातात घ्यायचा असतो आणि उंबऱ्यापासून तिच्या पायांपर्यंत गुडघ्यांवर जायचं असतं, सगळा पोशाख अंगावर ठेवून. तोंड मिटलेलं, काही खायचं-प्यायचं नाही. हे फ्रुक्तुओसोला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? दोन वर्षं केलं होतं. एलेउतेरियोला ठाऊक होतं, हिलारियाला ठाऊक होतं. मारिबेलने सगळ्यांना खोदून खोदून विचारलं होतं, नाचात काय काय येतं ते सांगा. कुणीही हे सांगितलं नाही. कारण तो नाच नव्हता, ती प्रार्थना होती. प्रार्थनेला ताकद लागते हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि मारिबेल आजवर उंबऱ्याच्या आत कधी आलीच नव्हती. तिला गर्दीत गुदमरायचं.

निम्म्यावर आल्यावर फ्रुक्तुओसोच्या हातातला मुखवटा थरथरायला लागला. कानामागून थंडगार घाम निघाला. मामिताचा निळा झगा धूसर झाला, मग एकाचे दोन झाले. तो तसाच सरकत राहिला. एक गुडघा, दुसरा गुडघा. पोशाखाची कडी फरशीवर खरखरत होती.

शेजारी कुणीतरी धपकन गुडघे टेकले. व्यायामाचे बूट, गर्दीतून घुसताना वाकडी झालेली वेणी. मारिबेल.

"पापा, तोंड उघड."

त्याने मान हलवली. ओठ घट्ट.

"पांढरा फटक पडलायस! उघड म्हणते ना!"

"पायांशी... पोचल्यावर."

"पोचलास तर! हट्ट कसला करतोस लहान पोरासारखा?"

मागे रांग तुंबली होती. एलेउतेरियो कुणालातरी दमदाटी करून थोपवत होता. फ्रुक्तुओसोला लेकीचा चेहरा धड दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता, आणि तो आवाज रडवेला होता. खाल्लं तर नवस मोडतो. मोडला तर ही पुन्हा त्या पांढऱ्या खाटेवर जाते. त्याच्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. त्यापेक्षा आपण इथे पडलेलं परवडलं.

"तुझ्यासाठी आहे गं," त्याच्या तोंडून निघून गेलं. रीत मोडली ती मोडलीच. "तीन वर्षं... तू जेवावीस म्हणून. आता कसा मोडू?"

मारिबेलने हातातल्या खड्याकडे पाहिलं. बाहेर बँड वाजत होता आणि आत पाचशे माणसं आपापली गाऱ्हाणी पुटपुटत होती. मग तिने खड्याचा तुकडा दातांनी तोडला. भलामोठा, न मोजता. कचाकचा चावला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकही वाहत होतं, आणि ती चावत होती, अगदी त्याच्या तोंडासमोर, त्याला दिसावं म्हणून.

"हे बघ. खाल्लं मी," भरल्या तोंडाने ती म्हणाली. "आता नवस मोडला कुठे? पापा, तुला काही झालं तर मला घास तरी गिळवेल का? खा रे. माझ्यासाठी खा."

फ्रुक्तुओसोने मामिताकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं.

पोरीने उरलेला गूळ आत घातला, वरून आणखी एक, आणि त्याचं डोकं छातीशी धरून बसून राहिली. बऱ्याच वेळाने दोन झग्यांचा पुन्हा एक झाला. मग दोघं सरकायला लागली. तो पोशाखासकट, ती त्याच्या काखेत हात घालून. पायांशी पोचल्यावर त्याने काही मागितलं नाही. नुसतं कपाळ टेकलं आणि पोटभर रडून घेतलं.

बाहेर हिलारिया भिंतीच्या सावलीत पातेलं घेऊन बसली होती. दोघांचे चेहरे बघून ती उठून उभी राहिली.

"काय झालं? काय झालं गं?"

मारिबेल तिच्याशेजारी मातीतच फतकल मारून बसली.

"आई, मला भूक लागलीय," ती म्हणाली.

हिलारियाने नवऱ्याकडे पाहिलं. मग शालीने डोळे न पुसताच ती वाढायला बसली.