पान चारशे बारावरची माणसं

मित्रांनो, मी एका इस्पितळाच्या कचेरीतला म्हातारा शब्दकोश आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेलो आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना गहिवरतात म्हणे. मला तसलं काही जमणार नाही.

माझा जन्म छापखान्यातला. जुळाऱ्याने एकेक अक्षराचा खिळा उचलून माझी साडेचारशे पानं जुळवली, बायकांनी मला दोऱ्याने शिवलं, खळ लावून पुठ्ठा चढवला. डावीकडे आपल्या भाषेतला शब्द आणि उजवीकडे त्याचे इंग्रजी शब्द, अशी माझी मांडणी. मला घडवणारे सगळे हात कष्टाचे होते. आणि त्याच हातांबद्दल माझ्या पोटात काय भरलं होतं, ते पान चारशे बारावर बघा. 'सामान्य लोक' यापुढे आधी 'कॉमन पीपल' आहे. ठीक आहे. मग घसरण सुरू. 'मासेस', 'मॉब', 'रॅबल' म्हणजे बेशिस्त झुंड, आणि अगदी तळाला 'रिफ्रॅफ', म्हणजे ओवाळून टाकलेली माणसं! अहो, इंग्रजीतला 'व्हिलन' एके काळी नुसता शेतावर राबणारा माणूस होता. 'बूर' म्हणजे साधा शेतकरी. गादीवर बसून बोलणाऱ्यांनी एकाला खलनायक केलं आणि दुसऱ्याला गावंढळ. या बिचाऱ्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

कचेरीत मी हेडक्लार्कच्या टेबलावर तीस वर्षं काढली. मोठे साहेब फक्त इंग्रजी वाचत. म्हणून कामगारांचा अर्ज आला की हेडक्लार्क तो इंग्रजीत करून वर पाठवत. त्यांना त्यांच्या आधीच्या हेडक्लार्कने एक नियम शिकवला होता. "पहिला शब्द कधी घ्यायचा नाही. तो शाळकरी पोरालाही येतो. शेवटचा घ्यायचा, तो भारदस्त." त्यामुळे त्यांचं बोट माझ्या पानावरून सरळ तळाला जायचं. मधलं काही वाचायची त्यांना गरजच वाटली नाही. सगळी कचेरी त्यांच्या इंग्रजीची वाहवा करायची, आणि ते माझी पाठ थोपटायचे. मीही मूर्ख, फुशारून जायचो.

एक दिवस धुलाईघराच्या मुकादम मावशी अर्ज घेऊन आल्या. चादरी धुऊन धुऊन त्यांच्या हातांची सालटं निघालेली. अर्ज चार ओळींचा होता. 'आम्ही धुलाईघरातली सामान्य माणसं आहोत. पिळायच्या यंत्राच्या झाकणाचा खटका मोडला आहे. यंत्र फिरत असताना झाकण उघडतं. कुणाचा तरी हात जाईल, लवकर दुरुस्त करा.'

"साहेब, माझी धाकटी जाऊ असते त्या यंत्रावर," मावशी म्हणाल्या. "जरा चांगलं लिहा हो."

"मावशी, असं लिहितो की साहेब बघतच राहतील!"

आणि त्यांनी पान चारशे बारा उघडलं. मी ओरडत होतो, नको, नको, वरचा घ्या! पण पुठ्ठ्याला कुठला आवाज? अर्ज वर गेला तो असा, की धुलाईघरातल्या रिफ्रॅफची यंत्राबद्दल तक्रार आहे.

चार दिवसांत कागद मोठ्या साहेबांचा लाल पेन्सिलीचा शेरा घेऊन खाली आला. 'अशा लोकांनीच यंत्र बिघडवलं असणार. त्यांना समज द्यावी.' खटका दुरुस्त करायचं राहिलं बाजूला, धुलाईघरातल्या अकराही बायकांना समज मिळाली. हेडक्लार्कनी कपाळाला आठ्या घातल्या आणि कागद फायलीत लावून टाकला. का, म्हणून विचारायला ते वर गेले नाहीत.

त्याच आठवड्यात झाकण उघडलं. जावेच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी मावशी कचेरीत आल्या त्या तरातरा. "काय लिहिलं होतं तुम्ही? वाचा!" शेजारच्या टायपिस्ट बाईंनी फाईल काढली, माझा जोडीदार, म्हणजे इंग्रजीवरून आपल्या भाषेत येणारा कोश, कपाटातून आणला आणि अर्थ मोठ्याने वाचला. "टाकाऊ माणसं. गाळ."

"अहो, मला वाटलं भारदस्त शब्द आहे!" हेडक्लार्क घामाघूम झाले. "तुमचा मान वाढावा म्हणून..."

"मान?" मावशींचा आवाज चढला. "इस्पितळातली प्रत्येक चादर आमच्या हातून जाते. तुमची आई इथे होती ना महिनाभर? तिची घाण कोणी धुतली? आणि आम्ही गाळ?"

हेडक्लार्कनी कोरा कागद पुढे ओढला. ते म्हणाले, "मावशी, पुन्हा लिहितो. आत्ता लिहितो." आणि सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला.

मावशींनी मला उचललं आणि खाली जमिनीवर ठेवलं. "याची गरज नाही. लिहा, अकरा बायकांची नावं. पुढे कोण कुठलं काम करते ते. आणि माझ्या जावेची तीन बोटं गेली, तेही लिहा. तीन. आकडा तर येतो ना इंग्रजीत?"

टायपिस्ट बाईंनी कागद टाईप केला. या वेळी हेडक्लार्क स्वतः तो घेऊन वर गेले आणि चूक आपलीच होती, असं कबूल करून आले. दोन दिवसांत नवा खटका बसला. बोटं काही परत आली नाहीत.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. नाही सांगत. मला वाळवी लागली तरी चालेल. पण माझ्यातला शब्द कुणाला चिकटवण्याआधी त्या माणसाकडे एकदा नीट बघा, त्याचं नाव विचारा. त्या दुसऱ्या अर्जाखाली अकरा सह्या आहेत. दहा सरळ आहेत. अकरावी वेडीवाकडी, ओळीबाहेर गेलेली आहे. ती जावेने डाव्या हाताने केली आहे.