नकाशावरचे सात किलोमीटर

सुवर्णा त्या दिवशी कंपनीच्या गेटातून जी तणतणत निघाली, ती घरी येईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलली नाही.

बोलणार काय, कप्पाळ! दोन महिन्यांपूर्वी पॅकिंगची लाइन बंद पडली. ती सुरू होईपर्यंत घरबसल्या अर्धा पगार देऊ, असं कंपनी म्हणाली. अट एवढीच की रोज गेटवर येऊन सही करायची, आणि आठ किलोमीटरच्या आत कंपनीनं दुसरीकडं काम दिलं तर नाही म्हणायचं नाही. पोरीचं नर्सिंगचं शिक्षण त्या अर्ध्या पगारावर चाललं होतं. सुवर्णानं एक सही चुकवली नाही. पाय मुरगळला तरी लंगडत गेली.

आणि काम दिलं कुठं? नदीपलीकडं, दौंड तालुक्यातल्या कंपनीच्याच दुसऱ्या शेडमध्ये. सकाळी सातची पाळी! एचआरच्या साहेबानं मोबाइलवर नकाशा उघडला आणि या गेटापासून त्या गेटापर्यंत सरळ बोट ओढलं. "सात किलोमीटर. बसतंय."

"आवं साहेब, मधी भीमा हाय की! पुलावरनं चाळीस किलोमीटर पडतं. पहिली एसटीच साडेसहाला सुटती. मी काय पोहत जाऊ?"

"नदीतून वाट आहे का, ते विचारून घेतो," साहेब म्हणाला. फॉर्मवर घरचा नंबर होताच.

आणि आज हे पत्र! 'घरच्या व्यक्तीकडे फोनवर चौकशी केली असता, नदीतून तासाभरात जाता येते असे समजले. सबब, योग्य काम नाकारल्यामुळे आपला अर्धा पगार बंद करण्यात येत आहे.'

घरची व्यक्ती! दिवसा घरात असतं कोण? तिचा सासरा, तात्याबा.

म्हातारा ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. जन्मभर मेंढरं राखली. आता गुडघे गेले आणि मेंढरंही गेली.

"आबा, कंपनीतनं फोन आलता?"

"आलता की!" तात्याबा खुलला. "लई आदबीनं बोलला गडी. नदीतनं पलीकडं जाता येतं का म्हनला. म्या म्हनलं, दोनशे मेंढरं घालून तासाभरात गेलोय! गुडघाभर तर पानी…"

"कवा?"

अडकित्ता थांबला.

"कवा गेलता, आबा? बंधारा व्हायच्या आधी ना? माझं लगीन तरी झालं होतं का तवा?" तिनं पत्र त्याच्यापुढं आपटलं. "तुमच्या त्या मेंढरांनी माझा पगार खाल्ला!"

बोलून गेली आणि तिलाच वाईट वाटलं, पण राग काही उतरेना. पत्रात काय लिहिलंय ते तिनं वाचून दाखवलं. तात्याबानं अडकित्ता खाली ठेवला. काठी घेतली आणि नदीची वाट धरली. गुडघे धरल्यापासून तो तिकडं फिरकला नव्हता. सुवर्णा बडबडत मागनं गेली.

बंधाऱ्याच्या पाण्यानं नदी या काठापासून त्या काठापर्यंत तुडुंब भरलेली. म्हाताऱ्यानं जिथनं मेंढरं पलीकडं न्यायचा, त्या जुन्या उताराच्या जागी काठी घातली. काठी मुठीपर्यंत बुडाली तरी तळ लागेना.

"लाव फोन त्याला," तो म्हणाला. "म्हातारा खोटं बोलला म्हनून सांग."

तिनं लावला. साहेब म्हणाला, "बाई, जबाब नोंदला गेला. फाईल पुण्याला गेली. आता माझ्या हातात काही नाही." आणि फोन ठेवला.

तेवढ्यात पलीकडं दुपारच्या पाळीचा भोंगा झाला. पाण्यावरून स्पष्ट ऐकू आला.

"त्योच का कारखाना?" तात्याबानं विचारलं.

सुवर्णा काठावर मटकन खाली बसली.

"व्हय आबा. लई जवळ हाय."